गोल झाल्यानंतरचा वेळ : 'ईए स्पोर्ट्स एफसी'मधील जल्लोषाचे परीक्षण

फुटबॉलच्या व्हिडिओ गेमविषयी लिहिताना बहुतेक परीक्षक पासची अचूकता, बचावफळीची शिस्त, गोलरक्षकाची समज आणि चित्रणाचा सफाईदारपणा यांचा हिशेब मांडतात. या लेखात मी त्यांपैकी कशाचाही विचार करणार नाही. चेंडू जाळीत गेल्यापासून खेळ मध्यवर्तुळातून पुन्हा सुरू होईपर्यंत जो थोडासा वेळ मिळतो, तेवढ्याचेच हे परीक्षण आहे. हा वेळ मला महत्त्वाचा वाटतो, कारण फुटबॉलमध्ये गोल फार थोडे होतात. दीड तास वाट पाहून हाती एकच गोल लागतो, कधी तोही लागत नाही. त्यामुळे तो झाल्यावर खेळाडू काय करतो, हे प्रेक्षकाच्या मनात गोलाइतकेच, आणि काही वेळा गोलापेक्षाही अधिक काळ राहते. ज्यांना 1990 च्या विश्वचषकातील कॅमेरूनच्या सामन्यांचे निकाल आता आठवत नाहीत, त्यांनाही 38 वर्षांचा रॉजर मिला कोपऱ्यातील झेंड्याजवळ कंबर हलवत नाचलेला आठवतो.

इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीची ही मालिका डिसेंबर 1993 मध्ये 'फिफा इंटरनॅशनल सॉकर' या नावाने सुरू झाली. 2022 मध्ये आलेल्या 'फिफा 23'नंतर ते नाव मागे पडले आणि सप्टेंबर 2023 पासून ती 'ईए स्पोर्ट्स एफसी' म्हणून निघू लागली. मी जुन्या नावाच्या आणि नव्या नावाच्याही अनेक आवृत्त्या खेळलो आहे. येथे एखाद्या विशिष्ट वर्षाची आवृत्ती न घेता, मालिकेत हळूहळू वाढत गेलेल्या जल्लोषाच्या भागाकडेच पाहणार आहे. त्याची रचना समजायला सोपी आहे. गोल झाल्यावर गोल करणारा खेळाडू काही क्षण आपल्याच ताब्यात राहतो. त्याला हव्या त्या दिशेला पळवता येते, पळता पळता हातवारे करायला लावता येतात आणि मग हातातल्या कंट्रोलरवरचे ठरावीक बटण दाबून किंवा त्याच्या वरच्या कडेची बटणे धरून उजवी स्टिक (अंगठ्याने फिरवायची दांडी) फिरवून शेवटची मुद्रा निवडता येते. गुडघ्यांवर घसरत जाणे, कोलांटी, सलाम, हातांनी केलेले हृदय, तोंडात अंगठा, रोबोटासारखा नाच अशा मुद्रांचा साठा मोठा आहे. एक बटण मात्र खास आहे. ते दाबले की प्रसिद्ध खेळाडू त्याची स्वतःची, जगाला ठाऊक असलेली मुद्रा करतो.

या खास मुद्रांचे काम अतिशय मन लावून केलेले आहे, हे प्रथम मोकळेपणाने सांगितले पाहिजे. क्रिस्तियानो रोनाल्डोची उडी घेतली तर तिच्यात तीन वेगळे भाग आहेत: धावत येऊन एक हात वर करणे, हवेत अर्धे वळण घेऊन प्रेक्षकांकडे पाठ करणे, आणि पाय फाकवून उतरताना दोन्ही हात खाली झटकणे. या तिन्हींमधला वेळ थोडा जरी चुकला तरी ती उडी नकलेसारखी वाटते, आणि गेममध्ये तो चुकत नाही. ही उडी रोनाल्डोने 2013 मध्ये अमेरिकेत चेल्सीविरुद्धच्या सामन्यात पहिल्यांदा मारली. ती ठरवून बसवलेली नव्हती, असे त्याने स्वतः सांगितले आहे. उतरतानाची 'सी' ही आरोळी म्हणजे मुळात स्पॅनिशमधले 'होय'. आज ती आरोळी तो स्वतः देण्याआधीच स्टेडियममधले हजारो लोक देतात, आणि माझ्या मते या मुद्रेच्या लोकप्रियतेचे मर्म तेथेच आहे. तिच्यात प्रेक्षकांना स्वतःचे काम आहे. उडी त्याने मारायची आणि आवाज त्यांनी द्यायचा, अशी ती वाटणी आहे. नॉर्वेच्या एर्लिंग हालांडची ध्यानस्थ बैठक किंवा ऑस्ट्रेलियाच्या सॅम करची उलटी कोलांटी यांत प्रेक्षकाला असा वाटा नाही. त्या केवळ पाहायच्या असतात. सॅम कर 'फिफा 23'च्या मुखपृष्ठावर फ्रान्सच्या किलियन एम्बापेसोबत होती, आणि तिची कोलांटी पडद्यावर पाहताना शरीराचा भार, हातांचा टेकू आणि उतरताना गुडघ्यांना बसणारा हिसका हे सगळे खरे वाटते. 'फिफा 22'पासून या मालिकेसाठी खास पोशाख चढवलेल्या 22 खेळाडूंचा पूर्ण सामना खेळवून त्यांच्या हालचाली टिपल्या गेल्या. त्या मेहनतीचा लाभ धावण्याप्रमाणेच देहबोलीलाही झाला असावा, असे पाहताना जाणवते.

इतके सगळे जमलेले असूनही कित्येक संध्याकाळी एकट्याने खेळताना मी गोल केला, सुंदर मुद्रा निवडली आणि तिच्याकडे कोरड्या डोळ्यांनी पाहत बसलो. याचे कारण शोधताना मला खऱ्या मैदानावरचे जल्लोष पुन्हा पाहावे लागले, आणि ते पाहता पाहता एक गोष्ट लक्षात आली. मनात राहिलेला जवळजवळ प्रत्येक जल्लोष कोणाला तरी उद्देशून केलेला असतो.

ब्राझीलच्या बेबेतोचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. 9 जुलै 1994 रोजी डॅलस येथे नेदरलँड्सविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात गोल करून तो बाजूच्या रेषेकडे धावला आणि हातांचा पाळणा करून झुलवू लागला. त्याच्या एका बाजूला माझिन्यो आणि दुसऱ्या बाजूला रोमारियो येऊन उभे राहिले आणि तिघे मिळून ते न दिसणारे बाळ झुलवत राहिले. दोनच दिवसांपूर्वी बेबेतोच्या घरी मुलगा जन्मला होता आणि बाप मात्र दुसऱ्या देशात विश्वचषक खेळत होता. बाळाला अजून आपल्या बापाचा स्पर्श झाला नव्हता, आणि बाप कोट्यवधी लोकांसमोर त्याला हातांवर झुलवत होता. ज्यांना हे कारण ठाऊक नव्हते त्यांनाही ते कोणी सांगावे लागले नाही. आज जगातल्या कोणत्याही मैदानावर पाळणा झुलवला की घरात बाळ आले आहे, हे सगळ्यांना कळते. एका बापाने आपल्या लेकाला पाठवलेला निरोप अवघ्या खेळाच्या भाषेतला शब्द झाला.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जर्मनीचा युर्गन क्लिन्समन इंग्लंडमध्ये टॉटनमकडून शेफिल्ड वेन्सडेविरुद्ध पहिला सामना खेळला. तो मुद्दाम पडून फाउल मिळवतो, अशी त्याची ख्याती तेथे आधीच पोहोचलेली होती. गोल केल्यावर त्याने धावत जाऊन गवतावर पोटावर सूर मारला आणि त्याच्या मागोमाग सहकाऱ्यांनीही मारला. त्याच्यावर रोष धरून बसलेल्या प्रेक्षकांना आणि वृत्तपत्रांना दिलेले ते उत्तर होते, आणि ते देताना त्याने तक्रार न करता त्यांचाच आरोप अंगावर घेऊन दाखवला. लोकांनी त्या एका सुरामुळे त्याला आपले मानले. गेममध्येही खेळाडू गवतावर सूर मारतो आणि दिसायला तो तसाच असतो. पण त्याच्या मागे कोणी केलेला आरोप नसतो, त्यामुळे उत्तरालाही काही अर्थ उरत नाही.

हा दोष कोणत्या एका कंपनीच्या खाती मांडावा असे मला वाटत नाही; तो या माध्यमाचाच आहे. हालचाल टिपता येते, पण त्या हालचालीला जन्म देणारा प्रसंग टिपता येत नाही. 1982 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध इटलीचा दुसरा गोल केल्यावर मार्को तार्देल्ली मुठी आवळून, मान हलवत, ओरडत धावत सुटला. त्यात कसलीच कल्पकता नव्हती, ठरवलेली एकही मुद्रा नव्हती. तरीही त्या धावण्याची आठवण चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकली आहे. अशा धावण्याला बटण नेमून देता येईल, पण ते दाबणाऱ्याच्या छातीत तेवढी घुसमट आधी साठलेली असली पाहिजे.

मग या गेमला जल्लोष जमतच नाही का? तसे मुळीच नाही, आणि हे मला माझ्या तेरा वर्षांच्या भाचीमुळे समजले. ती सुट्टीत आमच्याकडे राहायला आली की आम्ही एकाच पडद्यासमोर, एकाच गादीवर बसून खेळतो. गोल केल्यावर ती पडद्याकडे पाहत नाही, माझ्याकडे पाहते. तिची बोटे सवयीने बटणे दाबत असतात, पडद्यावर तिची खेळाडू कोलांटी मारत असते, आणि ही मात्र माझा चेहरा कसा पडला आहे ते निरखत असते. जो जल्लोष मला एकट्याला कोरडा वाटला होता तोच आता माझ्यावर रोखलेला होता, आणि मला तो चांगलाच लागत होता. पुढचा गोल माझा झाला तर कोणती मुद्रा करायची हे मी बचाव करतानाच ठरवू लागलो, आणि त्या नादात आणखी एक गोल खाल्ला.

एम्बापेची हात दुमडून, काखेत अंगठे रोवून उभे राहण्याची मुद्रा नेमकी अशाच बैठकीतून आली आहे. त्याचा धाकटा भाऊ इथन त्याच्याबरोबर प्लेस्टेशनवर फिफा खेळताना गोल केला की तसा उभा राहायचा, आणि ही मुद्रा तू खऱ्या सामन्यातही करू शकतोस, असे त्यानेच सुचवले, असे एम्बापेने सांगितले आहे. घरातल्या एका मुलाने थोरल्या भावाला चिडवायला केलेली मुद्रा त्या भावाने मैदानावर नेली, तेथून ती जगभरच्या शाळांच्या पटांगणांवर गेली, आणि शेवटी ज्या गेमसमोर ती जन्मली होती त्याच गेममध्ये एम्बापेच्या नावाची मुद्रा म्हणून परत आली. अंत्वान ग्रीझमननेही 2018 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पेनल्टीवर गोल केल्यावर 'फोर्टनाइट' या दुसऱ्याच गेममधला नाच केला होता. त्यामुळे खरे मैदान मूळ आणि गेम तेवढी नक्कल, असे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही. मुलांना एखादी मुद्रा प्रथम कोठे भेटते हे पाहिले तर अनेकदा ती आधी कंट्रोलरवर भेटते आणि नंतर पायांत उतरते.

ऑनलाइन खेळात हे चित्र बदलते, आणि तेथे माझे मत बरेच प्रतिकूल आहे. समोर माणूस असतो, पण त्याचा चेहरा नसतो. म्हणून जल्लोष रोखलेला असतो खरा, मात्र त्याला नात्याचा आधार नसतो. तीन गोलांनी पुढे असलेला अनोळखी प्रतिस्पर्धी प्रत्येक गोलानंतर ओठांवर बोट ठेवून गप्प राहण्याची खूण करतो, तेव्हा त्यात खेळकरपणा कमी आणि हिणवणेच अधिक उरते. कंपनीने ही गोष्ट ओळखून 2020 च्या 'फिफा 21'मधून ती 'गप्प' मुद्रा आणि डोळ्यापाशी बोटांचे कडे करण्याची मुद्रा अशा दोन मुद्रा काढून टाकल्या आणि गोलानंतरचा रिकामा वेळही कमी केला. मला हा निर्णय योग्य वाटला. यावर कोणी म्हणेल की खऱ्या मैदानावर हिणवणे चालतेच, आणि ते खरेही आहे. मार्च 2020 मध्ये पॅरिस सेंट जर्मेनच्या खेळाडूंनी डॉर्टमुंडला हरवल्यावर, तेव्हा त्या संघात असलेल्या हालांडचीच ध्यानाची बैठक घालून त्याला डिवचले होते. पण तेथे दोन सामन्यांच्या त्या लढतीतील पहिल्या सामन्यात त्याने त्यांच्याविरुद्ध गोल करून ती बैठक घातलेली होती, म्हणजे आधी एक देणे झाले होते आणि मग ते फेडले गेले. अनोळखी माणसाशी असे कोणतेच देणेघेणे नसते.

सामूहिक जल्लोष हा या विषयातला मला सर्वांत प्रिय भाग, आणि गेमची मर्यादा सर्वाधिक जाणवते तीही येथेच. 2010 मध्ये आइसलंडच्या स्टयार्नन या छोट्या क्लबने जगाला जे दाखवले त्याची सर मला आजवर दुसऱ्या कशालाही आलेली दिसली नाही. गोल करणारा खेळाडू गळ टाकल्याचा अभिनय करतो, दूर उभा असलेला सहकारी जमिनीवर आडवा पडून माशासारखा तडफडत ओढला जातो, मग बाकीचे त्या 'माशाला' आडवे उचलून धरतात आणि छायाचित्रासाठी उभे राहतात. मासेमारीवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या देशातल्या पोरांनी केलेला हा अभिनय होता, म्हणून त्यात विनोदाबरोबर ओळखही होती. त्याच संघाने पुढे एकमेकांच्या अंगांची सायकल करून दाखवली, आणखीही नाटुकली रचली, आणि जे नाव आइसलंडबाहेर कोणाला ठाऊक नव्हते ते जगभर पोहोचले. नुसत्या करमणुकीने संघ ढिला पडतो, असे म्हणणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की 2014 मध्ये याच क्लबने आइसलंडचे विजेतेपद प्रथमच जिंकले.

त्याच 2010 साली, 11 जूनला, जोहान्सबर्गमध्ये सिफिवे त्शबालालाने मेक्सिकोविरुद्ध विश्वचषकातला पहिला गोल केला आणि दक्षिण आफ्रिकेचे खेळाडू बाजूच्या रेषेजवळ ओळीने उभे राहून एका तालावर नाचले. आफ्रिका खंडात प्रथमच विश्वचषक होत होता. तो नाच आधी बसवलेला होता हे उघड दिसत होते, तरी त्यात खोटेपणाचा लवलेशही नव्हता, कारण गोल होईल अशी आशा धरून नाच बसवणे हीच मुळात किती मोठी गोष्ट आहे! 2022 च्या विश्वचषकात ब्राझीलने दक्षिण कोरियाविरुद्ध प्रत्येक गोलानंतर नाच केला; रिशार्लिसनच्या कबुतराच्या नाचात तर प्रशिक्षक तिचेही सामील झाले. प्रतिस्पर्ध्याचा हा अनादर आहे, अशी टीका तेव्हा झाली. माझे मत त्या टीकेच्या विरुद्ध आहे. त्या नाचाचे तोंड आपल्याच राखीव खेळाडूंकडे होते, हरणाऱ्या संघाकडे नव्हते, आणि साठी ओलांडलेल्या प्रशिक्षकाने मुलांच्या भाषेत दोन पावले टाकण्यात मला आपलेपणाच दिसला.

गेममध्ये सहकारी धावत येतात, मिठी मारतात, पाठीवर थोपटतात. पण मासा होऊन तडफडायला तयार असलेला सहकारी संगणकाला देता येत नाही. अशा नाटुकल्यात गळ टाकणाऱ्यापेक्षा मासा होणाऱ्याचे मोल अधिक असते, आणि गेममधले सारे लक्ष गोल करणाऱ्या एकट्यावर असल्याने हा दुय्यम पात्रांचा आनंद तेथे उरत नाही.

वेळेचा एक मुद्दा थोडक्यात सांगण्यासारखा आहे. खऱ्या सामन्यात जल्लोषाला किंमत मोजावी लागते: अंगातला शर्ट काढला की पिवळे कार्ड मिळते, आणि 2022 च्या विश्वचषकात पंचांनी जल्लोषात गेलेला वेळ काटेकोरपणे मोजून सामन्याला जोडला. 10 जुलै 1999 रोजी महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नव्वद हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर अमेरिकेच्या ब्रँडी चॅस्टेनने चीनविरुद्ध निर्णायक पेनल्टी मारून शर्ट काढला आणि ती गुडघ्यांवर बसली. त्या चित्रात जे धाडस आहे ते बटणाच्या जोडीत बसवता येणे कठीण आहे. गेममध्ये कोणताही जल्लोष फुकट असतो.

हा गेम कोणी घ्यावा, याविषयी माझा सल्ला त्यामुळे पुढीलप्रमाणे आहे. ज्यांच्या घरात दुसरा कंट्रोलर धरणारे कोणी आहे, मग तो भाऊ असो, बहीण असो, मुलगी असो वा आजोबा, त्यांना केवळ जल्लोषासाठीही तो आनंद देईल. बटणांच्या जोड्या पाठ करण्याच्या मागे लागू नये. तीन-चार मुद्रा नीट बसल्या की पुरे होतात, आणि त्यांतली एक घरापुरती ठरवून ठेवली तर तिला अर्थ येतो. आमच्याकडे बरोबरीचा गोल झाला की सलामच करायचा, असा संकेत आता पडला आहे. केवळ ऑनलाइन खेळणाऱ्यांनी मात्र हा भाग आपल्याला कंटाळवाणा वाटेल हे गृहीत धरूनच तो घ्यावा. मुलांना गेमबरोबर मूळ सामन्यांची दृश्ये अवश्य दाखवावीत, असेही मला कळकळीने सांगावेसे वाटते.

मीही ती भाचीला दाखवली. मिला पाहून ती हसली, बेबेतो तिला लगेच समजला. मग मी रशिदी येकिनी लावला. 21 जून 1994 रोजी बल्गेरियाविरुद्ध त्याने केलेला गोल हा नायजेरियाचा विश्वचषकातला पहिलावहिला गोल. तो गोल करून तो प्रेक्षकांकडे धावला नाही. गोलच्या आत शिरला, दोन्ही हात जाळीतून पलीकडे काढले आणि जाळी मुठीत धरून आकाशाकडे तोंड करून रडत काही बोलत राहिला. प्रत्येक जल्लोष कोणाला तरी उद्देशून असतो, हे माझे म्हणणे या एका दृश्यापुढे मला अपुरे वाटते. तो कोणाशी बोलत होता, असे भाचीने विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही.

त्या रात्रीच्या सामन्यात तिने शेवटच्या मिनिटाला गोल केला. तिने आपली खेळाडू झेंड्याकडे वळवली नाही, कोलांटीचे बटणही दाबले नाही. स्टिक पुढे धरून ती तिला सरळ जाळीकडे नेत राहिली, आणि या वेळी ती माझ्याकडे न पाहता पडद्याकडेच पाहत होती.